दोन आटे

दादा, तुला जाऊन अठरा दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण अजून चालूच आहे. सकाळी चहा गाळताना, स्कूटी काढताना, पोरांना कानस घासायला लावून वर्गाच्या खिडकीशी उभी राहिले की ते सुरू होतं. फरक एवढाच, की आता दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागतात, आणि तुझी बाजू मला तुझ्याइतकी चांगली लढवता येत नाही. तू असतास तर मध्येच हसून विषय बदलला असतास. मला ते कधीच जमलं नाही.

भांडण बोल्टांचं आहे. बाहेर कोणाला सांगितलं तर म्हणतील, भाऊ गेला आणि ही बाई बोल्टांचं काय घेऊन बसलीय. दहाव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. मीही मान डोलावली. पण ते तसं नाही, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि वहिनीलाही ठाऊक आहे. तुझ्या होडीच्या मागचं इंजिन, तुमच्या भाषेत मशीन, पक्कं करायला मी चार बोल्ट आणले होते. ते पाव इंच आखूड निघाले आणि मी ते तुला लावू दिले नाहीत.

आगरच्या किनाऱ्यावर मशीन होडीवर ठेवून घरी जायची पद्धत नाही. आपल्यापासून तीन घरं सोडून राहणाऱ्या काकांचं मशीन खाडीतल्या होडीवरून चोरीला गेलं, तेव्हापासून सगळा गावच संध्याकाळी मशीन उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि वाट चढून घरी नेतो. सकाळी पुन्हा तसंच खाली. आपल्या पडवीच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी लाकडी घोडी आहे. वहिनी त्या कोपऱ्यात केर काढताना मशीनला पाय लागला तर नमस्कार करते, एवढं ते घरातलं माणूस. आणि ज्याचं मशीन त्यानेच ते उचलायचं, हेही तुमचंच. दुसऱ्याच्या खांद्यावर आपलं मशीन बघितलं की तुम्हाला कमीपणा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी तुझी अँजिओ झाली. डॉक्टर म्हणाले, भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. तू त्यांना "चालेल" म्हणालास. मी तुझ्या शेजारीच उभी होते आणि तुझं ते "चालेल" ऐकून मला कळलं, की आठवड्यात हा मशीन उचलणार. तू पाचव्या दिवशी उचललंस.

तेव्हापासून मी तुझ्या मागे लागले होते. मशीनला दोन हातपेच असतात, ते फळीला आवळून तू काम भागवायचास, म्हणून तर रोज काढता यायचं. मी म्हणायचे, होडीच्या मागच्या फळीला आरपार चार भोकं पाड, चार बोल्ट घाल, हातपेचांच्या दांड्यांना कुलूप लाव आणि मशीन होडीवरच राहू दे.

"चोर येल नि पान्याने खोलून नेल," तू म्हणायचास.

"चोर काय पाना घेऊन फिरतो?"

"तुझ्याकडे शिकून गेलेला असला तर?"

वहिनी हसायची, मी चिडायचे आणि विषय तिथेच राहायचा. खरं कारण चोर नव्हताच. खरं कारण तू एकदाच बोललास, जाळं सोडवत असताना, माझ्याकडे न बघता. म्हणालास, "आपल्या होडीला आपल्याच हाताने भोक पाडाचं? बाबांनी कधी पाडलं नाय." मी तेव्हा तुला पाण्याची पातळी, सिलिकॉनची ट्यूब, रबराचं वायसर असं सगळं समजावून सांगितलं. तू ऐकलंस. ज्या होडीतून माणूस रोज समुद्रात जातो तिला भोक पाडायला त्याचा हात का धजत नाही, हे सिलिकॉनच्या ट्यूबने सुटत नाही, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं. मी दोन वर्षं तुला तेच तेच समजावत राहिले.

या वर्षी नारळीपुनवेला तू नारळ सोडलास आणि परत येताना माझ्या हातात प्रसाद ठेवून म्हणालास, "बाय, पाडू या भोकं." एवढंच. का, ते सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही, कारण मला जिंकल्याचा आनंद झाला होता. आता वाटतं, तुझ्या छातीत तेव्हाच काही दुखत असेल. ते मला सांगण्यापेक्षा होडीला भोक पाडणं तुला सोपं वाटलं असेल. विचारायला आता तू नाहीस.

डहाणूच्या बाजारात बोल्ट घ्यायला आपण दोघं गेलो होतो, ती दुपार मला चांगली आठवते. तू दुकानात शिरतानाच शेठला सांगितलंस, "शेठ, आज सांभाळून. आमची बहीण मास्तरीण हाय, फिटरच्या पोरांना शिकवते." शेठने स्टेनलेसचे म्हणून बोल्ट काढले. मी पर्समधून चुंबक काढला आणि एकेक बोल्ट लावून बघितला. दोन चिकटले. शेठ म्हणाला, "बेन, एटलूं तो चाले." तू माझ्याकडे बोट दाखवलंस आणि म्हणालास, "हिच्याकडे नाय चालत." केवढा अभिमान होता त्यात. चुंबक न चिकटणारं सगळंच स्टेनलेस समुद्रात टिकतं असं नाही, म्हणून मी बोल्टाच्या डोक्यावरचा शिक्कासुद्धा वाचून घेतला. तू कंटाळून बाहेर जाऊन गोळीसोडा प्यायलास आणि माझ्यासाठी एक घेऊन आलास.

जाडी मी तीन सुताची घेतली, म्हणजे इंचाच्या तीन-अष्टमांश. लांबी तीन इंच. हे माप मी हवेत काढलं नव्हतं. आदल्या रविवारी फळी मोजली होती, मशीनचा पकडपट्टा मोजला होता, दोन्हीकडची वायसरं, नट, आणि आतल्या बाजूला आधाराला लावायची सागवानी पट्टी. पट्टी अर्ध्या इंचाची घे, असं तुला सांगून ठेवलं होतं. सगळं मिळून बेरीज बरोबर येत होती आणि नट आवळल्यावर बोल्टाचे दोन आटे बाहेर राहत होते. हा आमचा नियम. नटाच्या बाहेर दोन आटे दिसले पाहिजेत. पोरांच्या वहीत मी तो लाल पेनाने लिहून देते.

त्या रविवारी मी सकाळीच आले. होडी ओढून घेतली होती. मला पहिलं भोक पाडायला लावलंस आणि तू स्वतः पाठ करून पाण्याकडे बघत उभा राहिलास. भुसा खाली पडला तेव्हा तू वळलास, बोटाने भोकाची कड चाचपलीस आणि म्हणालास, "सरळ गेलं." मग बाकीची तीन तू पाडलीस. मग आत पट्टी लावलीस, बोल्ट घातले, आणि मी नट फिरवायला गेले तर नट भरेचना. बोल्टाचं टोक नटाच्या आतच संपत होतं. कडेला नायलॉनचं जे कडं असतं, नट थरथरीने सैल होऊ नये म्हणून, तिथपर्यंत तर पोचतच नव्हतं.

मी पट्टी मोजली. पाऊण इंचाची होती.

"अर्धा इंच सांगितलेलं ना?"

"बाबांच्या जुन्या होडीचं लाकूड हाय," तू म्हणालास. "खाटेखाली ठेवलेलं. म्हटलं, भोकं पाडतोच हाय तर बाबांचं लाकूड तरी असू दे."

दादा, त्या क्षणी मी काय बोलायला हवं होतं ते मला आता रोज सुचतं. तेव्हा मी म्हणाले, "रंधा मार. पाव इंच काढ."

"त्याला रंधा नाय मारणार."

"मग बोल्ट आखूड पडतायत."

"चार आटे धरतायत की. चालेल."

"चालणार नाही."

"अगं, रविवारपर्यंत चालेल. तू मोठे आण, मग बदलू."

"चालणार नाही म्हणजे नाही. मशीन खाडीच्या तोंडाशी सुटलं तर कोण जबाबदार?"

तू हात वर केलेस. हरल्यासारखे नाही, कंटाळल्यासारखे. आणि मी काय केलं? मला तुझी सवय ठाऊक होती. मी पाठ फिरवली की तू तेच बोल्ट लावणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी चारही बोल्ट काढले, नटांसकट रुमालात बांधले आणि पर्समध्ये टाकले. वहिनी तिथेच बोंबील वाळत घालत होती. तिने बघितलं. तुझ्या होडीला चार भोकं होती आणि त्यांत घालायला काहीच नव्हतं. तू मेणबत्ती वितळवून ती बुजवलीस. संध्याकाळी मशीन खांद्यावर टाकून वाट चढून गेलास आणि मी तुझ्या मागे तुझी जेवणाची पिशवी घेऊन चालत होते. मला तेव्हा राग आला होता, एवढंच आठवतं. तुझा श्वास कसा चालला होता ते आठवत नाही. मी ऐकतच नव्हते.

आपलं लहानपणापासून असंच आहे. मला पहिला पाना तू दिलास. बाबांच्या होडीवर बसून नट आधी बोटांनी फिरवायचा आणि मग पान्याने, हे तू शिकवलंस, कारण पान्याने सुरुवात केली तर आटे चढतात. मी आयटीआयला फिटरला नाव घातलं तेव्हा घरात सगळे गप्प होते. मुलगी, आणि फिटर? पहिल्या दिवशी तू मला सोडायला आलास. मासळी उतरवून तसाच आलेला, अंगाला वास. गेटाबाहेर दुपारपर्यंत उभा होतास, मी पळून आले तर घरी न्यायला म्हणून. मी पळाले नाही. पगार सुरू झाल्यावर मी तुला शर्ट घेतला, तू मला पेटी आणलीस. अजून तीच पेटी वापरते, तिची कडी तूच बदललेली.

मी पहिला लोखंडी चौकोन घासून घरी दाखवायला आणला, तेव्हा तू विचारलंस, "पास?" मी म्हटलं, नापास, अर्धा मिलिमीटर चुकलाय. तू इतका हसलास की बाबा बाहेर आले. म्हणालास, "समुद्रात अर्धा मिलिमीटर शोधून दाखव." मला रडू आलं होतं. मग तूच तो चौकोन जाळ्याला वजन म्हणून बांधलास आणि किती वर्षं तो तुझ्या जाळ्यात होता.

आणि हेही सांगते, तुझं "चालेल" प्रत्येक वेळी चाललेलं नाही. मशीनच्या पंख्याच्या खिळीच्या जागी तू तार घातली होतीस. मी बघितलं, बोलले, तू म्हणालास चालेल. तिसऱ्या दिवशी पंखा खाडीत गेला आणि तू वल्ही मारत दोन तासांनी परत आलास. तेव्हा मी तुला महिनाभर टोमणे मारले. औषधाच्या गोळ्यांचंही तेच. सकाळची राहिली तर संध्याकाळी दोन, चालेल. त्यामुळे बोल्टांच्या बाबतीत मी वेड्यासारखी वागले असं कोणी म्हणू नये. माझ्याकडे कारणं होती. माझ्याकडे नेहमीच कारणं असतात.

सव्वातीन इंची स्टेनलेस डहाणूत मिळाला नाही. बुधवारी दुपारी आयटीआय सुटल्यावर मी वापीला गेले आणि तिथून आणला. चारही तपासून घेतले. वापीहून तशीच आगरला आले असते तर बुधवारी दिवस मावळायच्या आत बोल्ट बसले असते. पण गुरुवारी पोरांचं प्रॅक्टिकल होतं, जॉबचं मटेरियल कापून ठेवायचं होतं, म्हणून मी तलासरीला घरी गेले आणि तुला फोन केला.

"गावले?" तू विचारलंस.

"गावले. अगदी बरोबर."

"मग मी उद्या येतो एसटीने. घेऊन जातो."

"नको. तू घाईत कसेतरी बसवशील. रविवारी मी येते, मीच बसवते."

"तवर?"

"तोपर्यंत मशीन लहानूला उचलू दे."

लहानू तुझा जोडीदार, गेली बारा वर्षं तुझ्या होडीवर. तू म्हणालास, "लहानू भातकापणीला वेवजीला गेलाय. शनवारी येल."

"मग दुसऱ्या कोणाला सांग."

"चालेल," तू म्हणालास.

ते तुझं शेवटचं बोलणं. मला तुझ्या "चालेल"चा अर्थ कळतो, तरी मी फोन ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी चार वाजता तू मशीन घेऊन वाट चढत होतास. जाळी विणायच्या मांडवापाशी पोचलास. तिथे बसलेल्यांनी सांगितलं, तू थांबलास, मशीन खांद्यावरून उतरवलंस, पंख्याला लागू नये म्हणून खाली गोणपाट ओढून घेतलंस, मशीन भिंतीला नीट टेकवलंस, आणि मग बसलास. त्यांना वाटलं, दम खातोय. कोणीतरी तुला पाणी द्यायला उठलं तोपर्यंत सगळं संपलं होतं. मशीनला ओरखडासुद्धा नाही. दादा, मला याचाही राग येतो. छातीत कळ आल्यावर माणूस हातातलं टाकून देतो. मांडवात पाच-सहा माणसं होती. एक हाक मारली असतीस तर कोणीही ते उचललं असतं. तुला हाक मारायला एवढं जड का जावं? हा प्रश्न मी तुला रोज विचारते. त्याच दमात दुसरा प्रश्न येतो, की बोल्ट होडीवर असते तर तुझ्या खांद्यावर मशीन कशाला असतं?

मला फोन आला तेव्हा मी पोरांचे जॉब मोजत होते. एकाचा चौकोन अर्धा मिलिमीटर चुकला होता. मी त्याला नापास करायला पेन उचललं होतं.

तुला नेलं त्या दिवशी आणि नंतरही वहिनी मला एका शब्दाने बोलली नाही. तिने मला जवळ झोपवलं, माझ्या पुढ्यात ताट ठेवलं, तुझी गोळ्यांची पिशवी फेकायला माझ्याकडे दिली. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ती बोंबील वाळत घालते, काढते, डहाणूच्या बाजारात जाऊन बसते. तुझी लेक वलसाडहून आली होती, ती तेराव्यानंतर सासरी गेली. तेव्हापासून पडवीत वहिनी आणि घोडीवरचं मशीन, दोघंच.

परवा वहिनीचा फोन आला. म्हणाली, लहानू विचारत होता, होडी चालवू काय. मी हो म्हटलंय. तूट-फूट नको व्हायला. तू येऊन बोल्ट बसवून दे.

म्हणून आज मी गेले. पर्समध्ये दोन पुड्या होत्या, वापीचे बोल्ट आणि रुमालातले आखूड. आखूड कशाला घेतले, हे मी निघताना स्वतःला सांगितलं नाही. लहानूने पडवीतून मशीन खांद्यावर घेतलं. तुझ्यासारखंच, उजव्या खांद्यावर, मान डावीकडे झुकवून. मी त्याच्या मागे चालले. या वेळी ऐकत होते. पन्नाशीचा धडधाकट माणूस, तरी मांडवापाशी त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

होडीत बसून मी भोकांतलं मेण काढलं. तू बोटाने दाबलेल्या खुणा त्यावर होत्या. मेण मी पेटीत ठेवलं. मग पर्स उघडली आणि रुमाल सोडला.

लहानू बघत होता. "ताई, हे ते पयले ना?"

"हो."

"आखूड हाय ते."

"माहीत आहे."

मी चारही बोल्ट घातले, नट बोटांनी फिरवले, मग पान्याने आवळले. चार आटे धरले, तू म्हणाला होतास तसे. पेनने प्रत्येक नटावरून खाली लाकडापर्यंत एक रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. पोरांना मी हेच शिकवते. मग लहानूला म्हटलं, "खाडीच्या तोंडापर्यंत ने. जोरात ने."

भरती होती. लहानूने मशीनची मूठ पूर्ण पिळली. तोंडाशी लाटा उठत होत्या, होडी वर जायची आणि आपटायची, मशीन पाण्याबाहेर येऊन किंचाळायचं आणि परत बुडायचं. मी मागच्या फळीवर हात ठेवून बसले होते. "मागे घे," मी ओरडले, त्याने उलटं फिरवलं. "परत." त्याने परत केलं. तो मला वेडी समजला असेल, पण त्याने सगळं केलं. अर्धा-पाऊण तास आम्ही तिथे घिरट्या घातल्या. मी बहुतेक देवाकडे मागत होते, की सुटू दे हे. एक नट तरी सुटू दे. माझं बरोबर होतं एवढं मला कळू दे.

परत येऊन मी वाकून बघितलं. चारही रेघा सरळ होत्या.

मला मास्तरीण म्हणून माहीत आहे, एका फेरीने काही सिद्ध होत नाही. चार आट्यांवरचा नट महिना-दोन महिने थरथर सोसून सैल होऊ शकतो. नियम उगाच केलेला नाही. हे सगळं मी होडीतच बसून स्वतःला बजावलं. पण दादा, तू मला महिना मागितला नव्हतास. तू फक्त रविवारपर्यंतचा वेळ मागितला होतास. बुजवलेल्या भोकांनी तू चार दिवस काढलेस, आणि मला द्यायचे होते ते फक्त तेवढेच.

मी आखूड बोल्ट काढले आणि वापीचे बसवले. सिलिकॉन भरलं. नट आवळले. बाबांच्या लाकडावर वायसर घट्ट बसलं. प्रत्येक नटाच्या बाहेर दोन आटे, अगदी मोजून. इतकं सुरेख काम मी वर्षभरात केलं नव्हतं. बघायला कोणी नव्हतं. तू असतास तर म्हणाला असतास, चालेल.

वहिनी डोक्यावर बोंबलांची पाटी घेऊन खाली आली. पाटी वाळूवर ठेवली आणि होडीच्या मागच्या बाजूने फिरून नवे बोल्ट बघितले. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. आखूड बोल्ट मी अजून मुठीत धरून होते.

"हेच ना ते?" तिने विचारलं.

"हो."

तिने एक बोल्ट घेतला, बोटांत फिरवला. तिला त्यातलं काही कळत नाही. तरी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आखूडच हाय. हे बसलेच नसते ना, ताई?"

ती माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसत होतं तिला काय हवं आहे. एक "नाही". तेवढं मिळालं असतं तर तिला रात्री पाठ टेकता आली असती, की गेलेलं माणूस कशानेच वाचणार नव्हतं, यात कोणाचा हात नव्हता. ते मलाही हवं होतं. लहानू मान खाली घालून दोरी गुंडाळत होता. तो काही बोलला नसता. मी तोंड उघडलं आणि जे बरोबर तेच बाहेर आलं, आयुष्यभर आलंय तसं.

"बसले असते, वहिनी. मी आत्ता लावून बघितले. चार दिवस टिकले असते."

वहिनीने बोल्ट माझ्या हातात परत दिला. वाकून पाटीतले बोंबील उगाचच सारखे करत राहिली. मी वाट बघत होते, की ती आता बोलेल, ओरडेल, मारेल. ती उठली, पदराने हात पुसले आणि अगदी हळू म्हणाली, "एवढं तरी चालवून घ्यायचं होतंस."

मग तिने पाटी उचलली आणि ती घराकडे चालू लागली. मला बोलावलं नाही. लहानूने मशीनला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि दोन्ही हात मोकळे सोडून तो वाट चढून गेला.